सात वेळा मोडलेला पापुद्रा

दक्षिण फ्रान्समध्ये कासुलेवरून, म्हणजे घेवडा आणि मांस मातीच्या भांड्यात तासन्तास शिजवून केलेल्या पदार्थावरून, जी भांडणं होतात ती सगळी मांसाची. कास्तेलनोदारीचे लोक डुकराच्या मांसावर आणि बदकाच्या किंवा हंसाच्या कोंफीवर (स्वतःच्याच चरबीत मंद शिजवून मुरवलेल्या मांसावर) ठाम. कार्कासोनला शिकारीच्या हंगामात त्यात तित्तिर पडतो, कधी मेंढीचं मांस. तुलूझकर आपल्या जाड सॉसेजशिवाय ऐकायचे नाहीत. मूळचे कार्कासोनचे शेफ प्रोस्पेर मोंतान्ये यांनी कास्तेलनोदारीचं कासुले पिता, कार्कासोनचं पुत्र आणि तुलूझचं पवित्र आत्मा, अशी ख्रिस्ती त्रैक्याच्या धर्तीवर वाटणी केल्याचं सांगतात. वाद काही मिटला नाही. आणि पदार्थ बिघडतो तो मात्र बहुतेक वेळा घेवड्यापायी.

घेवडा आपल्या ओळखीचाच आहे. शेंगा कोवळ्या खाल्ल्या की फरसबी, दाणे वाळवले की राजमा. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडाही त्याच कुळातला. झाड मूळचं अमेरिकेतलं, युरोपात पोचलं कोलंबसानंतर. म्हणजे कोलंबसाच्या आधीच संपलेल्या शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांच्या वेढ्यात सापडलेल्या कास्तेलनोदारीकरांनी घराघरातलं उरलंसुरलं एका हंड्यात शिजवलं आणि कासुले जन्मलं, ही गोष्ट खरी धरली तरी त्या हंड्यात हा दाणा असणं शक्य नाही. असलाच तर फावा (बाकला) असेल.

चार माणसांना 400 ग्रॅम वाळका पांढरा घेवडा पुरतो. तिकडे लांबट ‘लिंगो’ घेतात किंवा तार्बचा पातळ सालीचा. आपल्याकडे पांढरा राजमा चालेल, पण त्याच वर्षीचा हवा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला दाणा कितीही शिजवा, मध्ये खडा राहतोच. रात्रभर भिजवायचा, सकाळी ते पाणी टाकायचं, नव्या पाण्यात पाच मिनिटं खळखळून उकळायचा आणि तेही पाणी टाकायचं. मग रस्सा. कोंबडीचा सांगाडा किंवा डुकराची हाडं, कांदा, गाजर आणि 250 ग्रॅम डुकराचं कातडं तासभर उकळून गाळून घ्यायचं. त्यात लसूण आणि खारवलेली चरबी एकत्र वाटून घालायची. चरबी लसणाच्या दुप्पट. हात आखडला तर चव भोळी लागते. घेवडा या रश्शात साधारण तासभर शिजतो. बोटांत दाबला तर मऊ लागावा, साल मात्र अख्खी राहावी. इथे कुकरचा मोह नको. शिट्टीत साली फुटतात आणि पुढच्या तीन तासांत सगळ्याचा लगदा होतो. पाणी जड असेल तर उलटी तऱ्हा, त्यातल्या कॅल्शियममुळे साली चिवट राहतात. टोमॅटो लवकर घातला तरी आंबटपणामुळे तेच होतं. कास्तेलनोदारीत टोमॅटो घालतच नाहीत, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. आणि भिजवलेला घेवडा न उकळता थेट मंद आचेवर कधीच ठेवू नये. कच्च्या दाण्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन पोट बिघडवतं, आणि ते जातं ते खळखळत्या उकळीने.

मांस त्यामानाने सोपं. कोंफीच्या दोन तंगड्या प्रत्येकी दोन तुकडे करून कढईत मंद आचेवर ठेवायच्या, म्हणजे त्यांची चरबी सुटते. त्याच चरबीत प्रत्येकी 80 ग्रॅमचे सॉसेजचे चार तुकडे आणि डुकराच्या खांद्याचे 50-50 ग्रॅमचे चार तुकडे तांबूस परतायचे. मीठ शेवटी, रस्सा चाखून. कोंफी, चरबी, सॉसेज, सगळंच आधीपासून खारट असतं.

आता भांडं. कासुले हे नावच कासोलवरून आलं. कास्तेलनोदारीजवळच्या इसेल गावातलं हे मातीचं भांडं बुडाशी अरुंद आणि वर पसरट असतं, आतून झिलई दिलेलं. तोंड रुंद म्हणून वरचा पापुद्रा मोठा. उभट पातेल्यात तोच ऐवज घातला तर पापुद्रा वाटीएवढा मिळेल आणि घरातल्या चौघांत त्यावरून कुरबुर होईल. तळाला शिजलेलं कातडं पसरायचं, त्यावर एक तृतीयांश घेवडा, मग मांस, वर उरलेला घेवडा. सॉसेज शेवटी वरून खोचायचं, त्याची पाठ दिसत राहिली पाहिजे. गरम रस्सा घेवडा जेमतेम बुडेल इतका, आणि वर चमचाभर बदकाची चरबी.

ओव्हन 150 ते 160 अंश, वेळ दोन ते तीन तास. अर्ध्यापाऊण तासात वर तपकिरी पापुद्रा धरतो. तो चमच्याच्या पाठीने हलकेच आत दाबायचा. ढवळायचं मात्र नाही, दाणे मोडतात. पुन्हा धरला की पुन्हा दाबायचा. जुनी माणसं सात वेळा म्हणतात. सात हा आकडा मोजण्यासाठी कमी, ओव्हनसमोरून उठू नये यासाठी जास्त असावा. दर वेळी आत गेलेला खरपूसपणा रश्शाला दाट करतो. कडेचा रस्सा आटून दाणे उघडे दिसले तर दोन-तीन चमचे रस्सा कडेने सोडायचा. शेवटचा पापुद्रा मात्र मोडायचा नाही. वरून पावाचा चुरा घालणारेही आहेत. त्याने कुरकुरीतपणा झटपट येतो खरा, पण तो पावाचा. घेवड्याच्या पिठाचा आणि चरबीचा नव्हे.

भांडं खदखदत असतानाच टेबलावर आणतात आणि तिथेच वाढतात. वाढणाऱ्याने चमचा तळापर्यंत घालायचा, नाहीतर पहिल्या दोघांना पापुद्रा आणि शेवटच्याला नुसता रस्सा. सोबत व्हिनेगर घातलेलं हिरवं सॅलड पुरे. आणखी पिष्टमय काही नको.

खरं तर आदल्या दिवशीच करून ठेवावं. रात्रभरात दाणे रस्सा पिऊन घेतात आणि घट्ट गोळा होतो, म्हणून वाटी-दोन वाट्या रस्सा वेगळा राखायचा. दुसऱ्या दिवशी तो गरम करून कडेने घालायचा आणि भांडं 150 अंशांवर दीड तास ठेवायचं. फ्रिजमधून काढलेलं मातीचं भांडं लगेच तापल्या ओव्हनमध्ये घालू नये, तडकतं.