नराचा वेल

दुपारी जेवणानंतर किवी आडवं कापलं की पांढऱ्या गाभ्याभोवती काळ्या बियांचं कडं दिसतं. त्या कोण मोजत बसतो? पण फळाची अंगलट त्यांच्यावरच ठरते. शंभर ग्रॅमच्या फळात हजारावर बिया असतात. परागकण कमी पोचले की बिया कमी आणि फळ बारकं.

किवीत नर आणि मादी वेल वेगळे. पपईवाल्याला हे दुखणं नवं नाही. पण पपई काही महिन्यांत फुलून निकाल देते. बियांपासून वाढवलेला किवीचा वेल त्यासाठी चार-पाच वर्षं झुलवतो. शिवाय मादीच्या फुलातही पुंकेसर असतात, पराग असतात. फक्त त्या परागांत जीव नसतो. नवख्याची फसगत ठरलेली.

चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात हे फळ रानातूनच वेचून खात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पती गोळा करत फिरणाऱ्या अर्नेस्ट विल्सनने तिथलं बी इंग्लंडला धाडलं. रोपं जोमात वाढली, आणि विकली गेली ती नर निघाली! १९०४ मध्ये न्यूझीलंडच्या वांगानुईतल्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर चीनमधल्या यीचांगला मिशनमधल्या बहिणीकडे गेल्या आणि येताना थोडं बी घेऊन आल्या. अलेक्झांडर ॲलिसन यांच्याकडे त्याचे वेल झाले, १९१० मध्ये ते फळलेही. न्यूझीलंडचा हिरव्या किवीचा सगळा धंदा त्यातल्या दोन माद्या आणि एका नरावर उभा आहे, असं मानतात. नशीब म्हणायचं, दुसरं काय!

पुढे ऑकलंडच्या रोपवाटिकावाल्या हेवर्ड राइटने मोठ्या, टिकाऊ फळाचा वेल निवडला. आज दुकानात हिरवं किवी म्हणून मिळतं ते बहुतेक 'हेवर्ड'च. आपल्याकडे बंगळुरूच्या लालबागेत वेल लावून पाहिले. थंडीअभावी फळ धरेना. मग १९६३ मध्ये ते शिमल्याला गेले आणि तिथे रमले. हेवर्डला सात अंशांखालचे सातशे-आठशे तास लागतात, तेव्हा नाशिकच्या द्राक्षमांडवावर ते चढवण्याचा बेत सोडलेला बरा.

बागेत साधारण आठ माद्यांमागे एक नर. दोघांचा बहर एकाच वेळी यायला हवा, म्हणून हेवर्डसोबत उशिरा फुलणारा 'तोमुरी' हा नर लावतात. फुलांत मध नाही, त्यामुळे शेजारी गोड काही फुललं की मधमाश्या तिकडे पळतात. थोडीफार मादी फुलं उमलल्यावरच पेट्या आत आणायच्या. आधी आणल्या तर माश्यांना बाहेरची वाट कळते. बहर ओसरला की नराची लगेच छाटणी, मादीची हिवाळ्यात. नराची जागा फुकट जाते म्हणून तो कापणारे महाभाग असतात. पुढच्या हंगामात त्यांना कळतं.

फळ टणकच उतरवतात. शून्य अंशावर ते महिनोन् महिने राहतं. घरी आणल्यावर केळ्यांसोबत कागदी पिशवीत ठेवावं, काही दिवसांत मऊ होतं. दुधात मात्र कच्चं घालू नये. त्यातलं ॲक्टिनिडिन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध कडू होतं. शिकरण केळ्याचंच करावं.