फ्रीझरचा हिशोब कालनिर्णयवर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. कौलं उडाली, दारातले तीन माड आडवे झाले, आणि वीज गेली ती एकोणीस दिवसांनी आली. पहिले दोन-तीन दिवस छप्पर, पाणी आणि गोठा यांतच गेले. फ्रीझरकडे बघायला कुणाला उसंतच नव्हती. चौथ्या दिवशी झाकण उघडलं आणि वासाने मागे सरले.

मागच्या अंगणात खड्डा खणून सगळं पुरलं. कोळंबी, सुरमई, बांगडे, मटार, आमरस, खवलेला नारळ. पावसाळ्याची बेगमी होती ती. एकेक पिशवी हातात घेऊन टाकत होते आणि त्यांतल्या नऊ पिशव्यांत काय आहे, ते मला सांगता येईना. आईंनाही (माझ्या सासूबाई) येईना. करडा लगदा आणि त्यावर पाणी. कोवळा फणस होता की कोळंबी, की एखाद्या सणाचं उरलेलं वाटण? घरातल्याच कुणीतरी पाटावर बसून ते सोललं होतं, खवलं होतं, निवडलं होतं. वादळाने नासवलं ते नासवलंच. पण या नऊ पिशव्या वादळ आलं नसतं तरी वायाच गेल्या असत्या. हे मला फार लागलं. तिथून हिशोब ठेवायला सुरुवात केली, आणि तो नीट बसायला पुढे जवळजवळ दोन वर्षं लागली.

पहिली अडचण चिकटपट्टीची. पारदर्शक सेलोटेप थंडीत सुटते आणि फ्रीझरच्या तळाशी नुसत्या पट्ट्या सापडतात. बॉलपेनचं अक्षर ओल लागली की पुसट होतं. शेवटी रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप आणि जाड परमनंट मार्कर, ही जोडी टिकली. टेप पिशवी भरण्याआधी, कोरड्या पिशवीवर लावायची. एकदा पिशवी गार झाली आणि बाहेर दव धरलं की काहीच चिकटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लिहायचं काय. ‘मासे’ असं लिहून काही उपयोग नाही. मी आता लिहिते, ‘सुरमई, तळायला, ६ तुकड्या’ किंवा ‘कोळंबी सोललेली, १ वाटी, आमटीला’. एक पिशवी म्हणजे आमच्या घरातलं एका वेळचं जेवण, हे माप पक्कं केलं. त्यामुळे अर्धी पिशवी वितळवून उरलेली पुन्हा आत टाकायची वेळ येत नाही. तसं केलं की मासा मऊ पडतो, आणि बाहेर फार वेळ राहिलेला असेल तर तो खाण्यालायकही राहत नाही.

आमचा फ्रीझर आडवा, वरून झाकण उघडणारा. थंडी धरून ठेवायला हा उत्तम, कारण गार हवा जड असते आणि झाकण उघडलं तरी तळाशीच बसून राहते. पण त्याच तळाशी वस्तूही हरवतात. त्यावर उपाय म्हणून बंदांच्या जाळीदार नायलॉनच्या पिशव्या घेतल्या: निळीत मासे, हिरवीत भाज्या आणि फळं, पांढरीत नारळ, काजूगर आणि वाटणं. आधी कापडी वापरून पाहिल्या, त्या ओल धरून बर्फाला घट्ट चिकटल्या. आता बंद धरून अख्खी पिशवी वर उचलता येते. गणपतीच्या खोबऱ्याला माशाचा स्पर्श नको, हा आईंचा आग्रहही त्यात आपोआप सांभाळला जातो.

नोंदीसाठी शंभर पानी वही घातली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा तिचा खरा उपयोग कळला. वीज गेल्याबरोबर मी सगळ्यांना सांगितलं, झाकणाला कुणी हात लावायचा नाही. गच्च भरलेला डीप फ्रीझर न उघडता साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला असेल तर २४ तास. आत काय आहे ते वहीत असल्यामुळे बघायला उघडायची गरजच नव्हती. वर दोन गोधड्या घातल्या. वीज चाळीस तासांनी आली. आत स्टीलच्या वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलेलं होतं. मधे बर्फ वितळून पुन्हा गोठला असता तर नाणं खाली गेलं असतं. ते जागच्या जागी, वरच होतं. त्या नाण्याकडे बघून मला किती बरं वाटलं, ते सांगता येणार नाही. ती वाटी आजही आत आहे.

वहीतली खोट त्याच वर्षी गणपतीत उघडी पडली. ओले काजूगर आम्ही मार्च-एप्रिलमध्ये सोलून ठेवतो. सोलताना चीक हाताला लागून कातडी जाते, म्हणून हाताला तेल लावून बसायचं, आणि गरावरची साल सुटायला गरम पाणी. एक वाटी गर निघायला किती वेळ लागतो, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. वहीत लिहिलं होतं: काजूगर, ३ पिशव्या. आईंनी त्या भरवशावर उसळ ठरवली, पंगतीला चौदा माणसं. पांढरी पिशवी उचलली तर आत एकच पुडा. बाकीचे दोन जूनमध्ये वन्सं मुंबईला जाताना यांनी त्यांना दिले होते. दिले ते चांगलंच केलं, त्यांच्या माहेरचे काजू आहेत. पण ते लिहायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. बटाटा घालून उसळ वाढवली. आई तेवढंच म्हणाल्या, “ठेवताना लिहितेस, तसं काढताना पण लिही गो.”

चूक तीच होती. ठेवताना आपण निवांत असतो, हात धुऊन बसून लिहितो. काढताना कढई तापलेली असते, हात ओले असतात, आणि वही आतल्या खोलीत. मोबाईलवर यादी करून पाहिली, पण मासे साफ केलेल्या हातांनी फोन कोण घेणार, आणि आई तर मोबाईलमध्ये बघतच नाहीत.

उत्तर आमच्या भिंतीवरच लटकत होतं. घरात दुधाचा हिशोब वर्षानुवर्षं कालनिर्णयवर आहे. ज्या दिवशी जास्तीचं घेतलं त्या चौकोनात आकडा, नाही घेतलं तर फुली. सिलिंडर कधी लावला तेही तिथेच. तो हिशोब कधी चुकत नाही, कारण घरातला प्रत्येक जण तो लिहितो. २०२२ च्या जानेवारीत दुसरं कालनिर्णय आणलं, फ्रीझरच्या वर खिळ्याला टांगलं आणि सुतळीने शिसपेन्सिल बांधली. पेन्सिल ओल्या बोटांनीही लिहिते.

नोंद मात्र ठेवल्याच्या तारखेला करत नाही. ती वस्तू ज्या दिवसापर्यंत संपली पाहिजे, त्या दिवसाच्या चौकोनात करते. जितक्या पिशव्या, तितक्या उभ्या रेघा. जो पिशवी काढेल त्याने एक रेघ खोडायची, बस. ठेवल्याची तारीख पिशवीवरच्या टेपवर असते, म्हणजे आधीची आधी उचलता येते.

आणि हे दिवस आमच्या घरात आधीपासून ठरलेलेच होते, मला फक्त ते ओळखायचे होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून मेच्या अखेरीस हर्णैच्या लिलावातून मासळी आणून भरायची. ती संपवायची मुदत गटारी. बांगडा आणि तारली यांसारख्या तेलकट माशांना हे अगदी जमतं, कारण उणे १८ अंशांवरही त्यांच्यातलं तेल हळूहळू खवट होतं आणि दोन-तीन महिन्यांनंतर चव उतरते. बोंबील मी ठेवतच नाही. त्यात इतकं पाणी की वितळल्यावर लगदा होतो. बोंबील ताजा खावा नाहीतर सुका. गटारीच्या दुसऱ्या दिवशी निळी पिशवी रिकामी, फ्रीझर बंद करून बर्फ काढायचा, पुसायचा, की मग श्रावण. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि आईंनी अधिकापासूनच पाळायचं ठरवलं. तेव्हा जवळजवळ दोन महिने मासे नाहीत, हे मे महिन्यातच दिसत होतं आणि मी मटार सांभाळून ठेवले.

मटाराची मुदत श्रावणाची अखेर. जानेवारीत घेतलेले दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग पंचावर पसरून पूर्ण कोरडे. ही पायरी टाळली तर गोठलेल्या दाण्यातही रंग आणि गोडी उतरत जाते. काजूगर आणि मोदकाचं खोबरं गणपतीच्या चौकोनात. आमरस दसऱ्याच्या, डबा दोन बोटं रिकामा ठेवते, रस गोठताना फुगतो आणि झाकण उडतं. डिसेंबरच्या पुढे जाणारं काही असेल तर ते डिसेंबरच्या पानामागे, दिवाळीच्या सुमारास नवं कालनिर्णय हाती येईपर्यंत.

महिन्याचं पान उलटण्याआधी न खोडलेल्या रेघा आई मोठ्याने वाचतात आणि त्या आठवड्याचा स्वयंपाक त्यावर ठरतो.

जुनी कालनिर्णयं मी टाकली नाहीत. परवा तीन वर्षांची गटारीची पानं शेजारी ठेवून पाहिली. बांगड्याच्या दर वर्षी चौदा पिशव्या भरल्या होत्या, आणि गटारीच्या आदल्या आठवड्यात दर वर्षी चार-पाच रेघा शिल्लक. मग घाईने रोज बांगडा, नाहीतर शेजारी वाटप. कोळंबी मात्र प्रत्येक वर्षी जूनमध्येच संपलेली. यंदा हर्णैला जाताना यांच्या खिशात चिठ्ठी घातली आहे: बांगडा नऊ पिशव्यांपुरता, कोळंबी दुप्पट.