तुम्ही विचारलंत म्हणून: मार्सेटबाईंनी शोध कोणता लावला?

शिक्षकांच्या शिबिरात मी रसायनशास्त्रावरच्या एका गाजलेल्या पुस्तकाच्या लेखिका जेन मार्सेट यांचं नाव घेतलं की शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, "पण मॅडम, या बाईंनी शोध कोणता लावला?" उत्तर सरळ आहे: एकही नाही. त्यांच्या नावाचा नियम नाही, एकक नाही, मूलद्रव्य नाही. तरीही रसायनशास्त्राची गोष्ट सांगताना हम्फ्री डेव्ही आणि मायकेल फॅरडे या दोन नामवंत शास्त्रज्ञांच्या मध्ये मी त्यांना उभं करते. का, ते एकदा सविस्तर सांगते.

जेन यांचा जन्म 1769 सालचा, लंडनमधल्या एका सधन स्विस व्यापारी घरातला. आई लवकर गेली आणि ऐन पंधरा-सोळाव्या वर्षी घराचा कारभार त्यांच्या अंगावर आला. 1799 मध्ये त्यांचं लग्न मूळच्या जिनिव्हाच्या डॉ. अलेक्झांडर मार्सेट यांच्याशी झालं. डॉक्टरांना रसायनशास्त्राची विलक्षण ओढ. त्याच सुमाराला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हींची व्याख्यानं गाजू लागली होती. विद्यापीठांची दारं बायकांना बंद होती, पण या व्याख्यानांना त्यांना मज्जाव नव्हता.

प्रयोगांसह दिलेली अशी व्याख्यानं पहिल्यांदा ऐकली तेव्हा मार्सेटबाईंच्या हाती फारसं काही लागलं नाही. त्यांनीच प्रस्तावनेत तसं लिहून ठेवलंय. एकापाठोपाठ एक प्रयोग इतके भराभर होत की डोक्यात काही बसेना. पुढे एका स्नेह्याशी या विषयावर वरचेवर बोलणं झालं, बरेच प्रयोग पुन्हा करून पाहता आले, आणि मग डेव्हींची व्याख्यानं ऐकताना गोष्टी उलगडू लागल्या. तिथे त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. सभागृहात बसलेल्या इतरांपेक्षा आपण पुढे आहोत, ते केवळ आपल्याला कुणाशी तरी आधी बोलायला मिळालं म्हणून. ज्यांना असं कुणीच नाही त्यांनी काय करायचं? या प्रश्नातून 1806 मध्ये 'कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री' हे दोन खंडांचं पुस्तक आलं. त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं.

पुस्तकभर तिघीजणी बोलतात. मिसेस बी शिकवतात. एमिली शांत, विचार करून विचारणारी. कॅरोलाइन उतावळी आणि स्पष्टवक्ती. पहिल्याच संवादात ही कॅरोलाइन सांगून टाकते की रसायनशास्त्राबद्दल तिचं मत काही फार चांगलं नाही आणि त्यात मजा येईल असंही तिला वाटत नाही. मिसेस बी रागावत नाहीत. रसायनशास्त्र म्हणजे औषधांचं आणि अत्तरांचं दुकान एवढीच तुझी समजूत आहे, म्हणून तुला तसं वाटतं, असं सांगून त्या पुढे निघतात. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर विद्यार्थिनीला "मला हे आवडत नाही" म्हणू देणं मला आजही फार धाडसाचं वाटतं.

माझा आवडता भाग उष्णतेचा. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ पिक्टे यांचा प्रयोग त्यात आहे. दोन अंतर्गोल आरसे समोरासमोर ठेवायचे. एकाच्या नाभीपाशी, म्हणजे किरण जिथे एकवटतात त्या बिंदूपाशी, तापवलेला लोखंडी गोळा, दुसऱ्याच्या नाभीपाशी थर्मामीटर. मधे एवढं अंतर असूनही पारा चढतो. आता गोळ्याच्या जागी बर्फ ठेवला तर? पारा उतरतो. मग थंडीचेही किरण असतात की काय? हा प्रश्न मी शिबिरात टाकते तेव्हा भलेभले अडखळतात. खरं तर थर्मामीटर स्वतःच उष्णता बाहेर टाकत असतो; बर्फाकडून त्याला तेवढी परत मिळत नाही, म्हणून तो गार पडतो. हे नुसतं सांगून टाकलं तर दोन ओळींत संपतं. मुलीला आधी चुकीच्या निष्कर्षाच्या अगदी काठापर्यंत जाऊ द्यायचं आणि तिथून वळवायचं, यासाठी त्या विषयाची समज फार पक्की लागते. जे शोध लावत नाहीत ते दुसऱ्याचंच उतरवून काढतात, असं मानणाऱ्यांना मी हा भाग वाचायला देते.

फॅरडेंची हकीकत तुम्हाला ठाऊक असेल. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, चौदाव्या वर्षी लंडनमध्ये रिबो नावाच्या बाइंडरकडे उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढी, आणि त्यांत मार्सेटबाईंचं हे पुस्तकही होतं. त्यातल्या गोष्टी त्याने जमतील तशा छोट्या प्रयोगांनी ताडून पाहिल्या, त्या खऱ्या निघाल्या, आणि रसायनशास्त्रात आपल्याला पाय रोवायला जागा मिळाली असं त्याला वाटलं. 1858 मध्ये मार्सेटबाई वारल्यावर, स्वतः जगप्रसिद्ध असताना, फॅरडेंनी हे एका पत्रात लिहिलं. डेव्हींच्या व्याख्यानांतून निघालेलं पुस्तक वाचलेला मुलगा 1813 मध्ये डेव्हींच्याच हाताखाली कामाला लागला. या साखळीतली मधली कडी गाळून इतिहास सांगणं मला जमत नाही.

अमेरिकेत मात्र या पुस्तकाची लूट झाली. तिथल्या प्रकाशकांनी ते मुक्तपणे छापलं, प्रश्न आणि टिपा जोडल्या आणि मुखपृष्ठावर कॉमस्टॉक, ब्लेक अशा संपादकांची नावं घातली. बाईंचं स्वतःचं नाव इंग्लंडमध्येही कितीतरी वर्षांनी छापलं गेलं. याचा मला मनापासून राग येतो.

एवढं होऊनही त्यांनी पुस्तक सोडलं नाही. इंग्लंडमध्ये 16 आवृत्त्या निघाल्या आणि त्या नवं संशोधन पुस्तकात घेत राहिल्या. 1845 मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासताना त्यांच्या वाचनात फॅरडेंच्या ताज्या शोधाची बातमी आली. त्यांनी थेट फॅरडेंनाच पत्र टाकून विचारलं, याची बिनचूक माहिती मला कुठे मिळेल?

वाचायचं असेल तर पुस्तक इंटरनेटवर मोफत मिळतं. उष्णता हा एक पदार्थच आहे, ही त्या काळची समजूत त्यात जागोजागी भेटेल. ती आता मोडीत निघाली आहे, तेवढं मुलांना आधी सांगून ठेवा. दोघी मुलींचं बोलणं वर्गातल्या दोघींना मोठ्याने वाचायला द्या आणि मिसेस बींचं उत्तर येण्याआधी वाचन थांबवा.