नवा सिगार नको, तोच सिगार पुन्हा हवा

हाताने वळलेल्या महागड्या सिगारांच्या बाजारात दरवर्षी काही ना काही नवे येतच असते. कधी आकार आणखी जाड होतो, कधी मर्यादित संख्येची आवृत्ती निघते, तर कधी जुन्याच सिगारवर नवी चकचकीत पट्टी चढते. आणि त्याच वेळी, ज्याचे नाव कित्येक दशके टिकून आहे अशा सिगारच्या एकाच पेटीतला एक सिगार अप्रतिम निघतो, तर त्याच्या शेजारचा चोंदलेला. या धंद्याला आज नावीन्यापेक्षा सातत्याची गरज जास्त आहे, असे माझे ठाम मत आहे. तंबाखू शरीराला घातकच आहे, त्याबद्दल मला कोणताही वाद घालायचा नाही. मी सिगार क्वचितच ओढतो, आणि आयात शुल्कामुळे आपल्याकडे तो इतका महाग पडतो की क्वचित ओढणाऱ्यालाच वाया गेलेला सिगार जास्त लागतो.

मध्यंतरी असाच एक चोंदलेला सिगार मी धारदार चाकूने उभा चिरून पाहिला. वरचे पान निर्दोष होते, ना शीर जाड ना कुठे डाग, आणि त्याखालचे बांधणीचे पानही नीट बसलेले होते. पण आतल्या पानांपैकी एक मधोमध स्वतःभोवती वळून त्याला घट्ट पीळ बसला होता आणि हवेची वाट तिथेच बंद झाली होती. चांगला कारागीर आतले प्रत्येक पान सैलसर नळीसारखे दुमडून एकाशेजारी एक ठेवतो, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत हवा खेळती राहते. झाडाच्या शेंड्याकडचे जाड, तिखट पान हळू जळते, म्हणून ते बरोबर मध्यभागी यावे लागते. ते कडेला सरकले की सिगार एका बाजूने जळत जातो. दिवसाला शंभराच्या आसपास सिगार वळणाऱ्या हातांकडून एखाद्या वेळी चूक होणारच. प्रश्न इतकाच, की ती चूक कारखान्यात पकडली जाते की गिऱ्हाइकाच्या हातात आल्यावर कळते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण क्युबाचे आहे. 1992 नंतर अमेरिकेत सिगारची मोठी लाट आली. निर्बंधांमुळे क्युबाचा माल तिथे उघडपणे विकला जात नव्हता, तरी जगभर मागणी वाढली आणि क्युबाने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात उत्पादन झपाट्याने वाढवले. घाईघाईने तयार केलेले कारागीर आणि पुरेशी न मुरलेली पाने यांचा परिणाम व्हायचा तोच झाला, आणि त्या काळातले चोंदलेले सिगार जाणकारांच्या आजही लक्षात आहेत. पुढे क्युबाच्या कारखान्यांत हवेचा प्रवाह मोजणारी यंत्रे आली. साच्यातून काढलेली गुंडाळी, म्हणजे बांधणीच्या पानात गुंडाळलेली आतली पाने, वरचे पान चढवण्याआधीच यंत्रावर लावली, तर ती घट्ट आहे की सैल हे कळते आणि दोष तिथल्या तिथे दुरुस्त करता येतो. माझ्या लेखी गेल्या काही दशकांतली सर्वांत मोलाची सुधारणा हीच, जरी तिची जाहिरात कोणी करत नसले तरी.

मात्र वळणी सुधारली म्हणजे काम संपले असे नाही, कारण पान दरवर्षी बदलते. पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो भागाला क्युबाच्या तंबाखूचे माहेरघर मानतात. तिथे 1980 च्या सुमारास निळ्या बुरशीने बहुतेक पीक नष्ट केले, आणि सप्टेंबर 2022 मध्ये इयान चक्रीवादळाने पाने वाळवण्याची हजारो कोठारे पाडली. असे घडले नाही तरी पाऊस, ऊन आणि वाऱ्याने पानाचा कस वर्षागणिक वेगळा येतोच. चहाच्या जुन्या पेढ्यांना ठरलेली चव टिकवण्यासाठी प्रत्येक हंगामात मळ्यांचे प्रमाण बदलावे लागते, तसेच इथेही मिश्रण सतत जुळवून घ्यावे लागते. हे साधायचे तर हाताशी अनेक वर्षांची मुरलेली पाने हवीत, म्हणजेच पैसा गोदामात अडकवून ठेवण्याची तयारी हवी. मर्यादित आवृत्त्यांबद्दल माझा आक्षेप नेमका इथेच आहे. जपून मुरवलेली उत्तम पाने त्यांच्याकडे गेली, तर रोजच्या, वर्षानुवर्षे चालत आलेल्या सिगारच्या वाट्याला कोवळी पाने येण्याचा धोका वाढतो.

नावीन्याने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉमिनिकन प्रजासत्ताकात वरच्या आवरणाचे दर्जेदार पान पिकणारच नाही, अशी समजूत रूढ असताना सिगार बनवणाऱ्या फुएन्ते कुटुंबाने ते पिकवले आणि 1995 मध्ये ‘ओपस एक्स’ हा सिगार बाजारात आणला. ते खरे नावीन्य होते आणि त्यामागे अनेक हंगामांची चिकाटी होती. याउलट निळ्या बुरशीला तोंड देण्यासाठी क्युबाने ‘हबाना 2000’ हे नवे वाण आणले. ते आणण्याची गरज खरी होती, पण त्याचे पान नीट जळत नसल्याच्या तक्रारी आल्या आणि अखेर त्याची जागा दुसऱ्या वाणांना द्यावी लागली.

सगळा दोष कारखान्यावर टाकणेही योग्य नाही. सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवा त्याच्या कितीतरी पुढे जाते. अशा हवेत उघडा राहिलेला चांगला सिगारही फुगतो, झुरका जड होतो आणि वरचे पान फाटू शकते. त्यामुळे तक्रार करण्याआधी दुकानदाराने पेटी कशी ठेवली होती, हे विचारावे.

कारखानदारांकडे माझी एक साधी मागणी आहे. क्युबाच्या पेटीच्या तळाशी कारखान्याची खूण आणि पेटीबंद केल्याचा महिना-वर्ष छापलेले असते. इतर देशांतल्या अनेक पेट्यांवर तसे काहीच नसते. ती तारीख सर्वांनी छापावी, जमल्यास आतल्या पानांच्या हंगामाचे वर्षही द्यावे. तेवढे कळले, तर खराब निघालेली पेटी कोणत्या खेपेतली हे गिऱ्हाइकाला नेमके सांगता येईल आणि कारखान्यालाही ती खेप शोधून तपासता येईल.