चकाकीखालची रेघ

इंग्लंडमधल्या आमच्या शॉपमध्ये एरवी विमानांचे ओतीव भाग चिरा आहेत का ते तपासायला येतात. त्यामुळे जुन्या ग्रीव्ह्ज स्क्रॅम्बलरची, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या मोटरसायकलची, फ्रेम टेबलावर आली तेव्हा सगळं खातं गोळा झालं. १९६० आणि १९६१ साली डेव्ह बिकर्सनं २५० सीसीचं युरोपियन मोटोक्रॉस अजिंक्यपद मिळवलं ते ग्रीव्ह्जवरच. या फ्रेमची गंमत म्हणजे इंजिनापुढे उतरणारी स्टीलची नळीच नाही. तिथे ॲल्युमिनियमचं जाड ओतकाम आहे, वर स्टीलवर थेट ओतलेलं.

मालक निवृत्त गृहस्थ. गाडी नवी कोरी केलेली, पुन्हा शर्यतीत उतरवायची होती. ओतकामात तोंड दिसेल इतकं पॉलिश. इथेच माझं डोकं फिरलं. बफ मारला की मऊ ॲल्युमिनियम घासून पसरतं आणि असलेली चीर वरून लिंपली जाते. चीर शोधायला आम्ही लावतो तो लाल डाय, म्हणजे चिरेत मुरणारा पातळ रंग, मग आत शिरणार कुठून? आधी कॉस्टिक सोड्यानं पृष्ठभागाचा पातळ थर खाऊन काढावा लागतो. त्यावर धरलेली काळी काजळी ॲसिडनं काढायची, धुवायचं, वाळवायचं. ते ऐकून गृहस्थ कळवळले. आम्हाला चमकवलेला माल नको, मळका चालतो, हे कुणाला पटत नाही.

शेवटी फक्त वरचा जोड खायची परवानगी मिळाली. डाय मुरू दिला, फडक्यानं पुसला. क्लीनर थेट फवारला तर चिरेतला डायही निघून जातो. नवी पोरं हमखास तेच करतात. मग मुरलेला डाय बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला. स्टील-ॲल्युमिनियमच्या सीमेवर लाली फुटली. दोन धातूंच्या मध्ये डाय शिरतोच, ते धरलंच होतं. पण तिथून एक बारीक रेघ ॲल्युमिनियमच्या अंगात गेली होती. पुसून परत मारला, परत तिथेच.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत असताना असे कोल्ड शट, म्हणजे ओतताना धातूचे दोन प्रवाह नीट न मिळाल्यानं राहिलेल्या फटी, रोज बघायचो. तसं असेल तर रेघ ओतल्या दिवसापासूनची. क्रॅक असेल तर मात्र वाढणार. एक्स-रे सुचवला, पण तिरकी, घट्ट मिटलेली चीर त्यातही दिसेलच असं नाही, हेही सांगितलं.

साहेब म्हणाले, "लांबी लिही, रिजेक्ट लिही, विषय संपव." साहेबांचे सगळे विषय असेच संपतात.

गृहस्थांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "एक मोसम चालवतो आणि परत आणतो. वाढली असेल तर कळेलच ना?"

तपासणी म्हणून त्यांचं बरोबरच होतं. मी म्हटलं, "असलं काही मी लिहून देणार नाही." फ्रेम गाडीत टाकून ते निघून गेले.