दूध थांबत नाही, मग यंत्र कधी थांबवायचे?

दूध प्रक्रिया प्रकल्पातील देखभालीचे वेळापत्रक कागदावर कितीही सुबक असले, तरी सकाळ-संध्याकाळ दारात उभे राहणारे टँकर ते जुमानत नाहीत. त्यातही हिवाळ्याच्या पुष्ट काळात आवक वाढली, की सर्वांत आधी पुढे ढकलली जाते ती प्रतिबंधक देखभाल. त्यावर आपल्याकडचा नेहमीचा उपाय म्हणजे 'दर तीन महिन्यांनी यंत्र उघडा' असा सरसकट नियम. मला तो फारसा पटत नाही.

विमानांच्या देखभालीवर युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ साली अमेरिकी संरक्षण खात्यासाठी जो अहवाल लिहिला, त्यात ठरावीक वयानंतर भाग बदलण्याचा खरा लाभ सुमारे ११ टक्के भागांनाच होतो, असे दिसले होते. डेअरी म्हणजे विमान नव्हे, हे मान्य. पण चांगला चाललेला पाश्चरायझर (धातूच्या पातळ प्लेटांमधून दूध तापवून जंतू मारणारे यंत्र) विनाकारण उघडला, की प्लेटांमधली गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी रबरी पट्टी, खोबणीतून सरकते, प्लेटा पुन्हा आवळताना निर्मात्याने दिलेल्या किमान मापापलीकडे आवळल्या जातात आणि नवीच गळती सुरू होते, हे कोणताही जुना फिटर सांगेल.

गॅस्केट झिजते ते कॅलेंडरमुळे नव्हे, तर गरम कॉस्टिक सोडा आणि आम्ल यांच्या प्रत्येक सीआयपीमुळे, म्हणजे यंत्र न उघडता आतून धुण्यामुळे. म्हणून तिचे आयुष्य सीआयपीच्या फेऱ्यांत मोजावे आणि होमोजिनायझरच्या (दुधातील स्निग्धांश बारीक करून सारखा मिसळणाऱ्या यंत्राच्या) पिस्टन पॅकिंगचे चालू तासांत. शिवाय त्याच्या दाबमापकाचा काटा थरथरू लागला, तर तास पूर्ण होण्याची वाट पाहू नये. पाउच भरणाऱ्या यंत्राचे तर आणखी सोपे आहे: गळक्या पिशव्यांची नोंद पाळीगणिक ठेवली, तर सीलिंगच्या जबड्यावरचे टेफ्लॉन कधी बदलायचे ते आपोआप कळते. ही नोंद ऑपरेटरनेच करावी, कारण यंत्राचा बदललेला आवाज देखभाल विभागाच्या आधी त्याच्या कानावर पडतो.

मात्र एका ठिकाणी लक्षणांची वाट पाहणे मला मुळीच मान्य नाही. पाश्चरायझरच्या रीजनरेशन विभागात, जिथे तापलेल्या दुधाच्या उष्णतेने येणारे थंड दूध गरम केले जाते, एकाच प्लेटेच्या दोन बाजूंनी कच्चे आणि पाश्चराइज्ड दूध वाहते. प्लेटेला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले आणि पाश्चराइज्ड बाजूचा दाब कमी असला, तर ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद तापवलेल्या दुधात कच्चे दूध मिसळते, आणि तापमानाचा आलेख मात्र निर्दोष दिसत राहतो. म्हणून दाबातील फरक रोज नोंदवणे, तापमान घसरताच दूध मागे वळवणारा व्हॉल्व्ह खरोखर वळतो की नाही हे तपासणे आणि प्लेटांची छिद्रचाचणी करणे या गोष्टी ठरल्या दिवशीच व्हायला हव्यात, आवक कितीही असो.

त्यासाठी उत्पादन नियोजनाच्या तक्त्यातच, दुधाच्या लिटरशेजारी, देखभालीचे तास लिहावेत. आणि ते तास कापायचे असतील, तर कापणाऱ्याने त्याच तक्त्यावर कारणासह सही करावी.