पद्मिनीचा पेट्रोल पाईप घेताना आधी त्यावरची अक्षरं वाचा

पंपावर आता ई-२० पेट्रोल मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांतले होज, म्हणजे पेट्रोलचे रबरी पाईप, बहुधा साध्या नायट्राइल रबराचे असतात. इथेनॉलने हे रबर आधी फुगतं, मग कडक होऊन तडकतं. वरून पाईप चकचकीतच दिसतो, म्हणून तो काढून बोटांत वाकवून पाहा. वाकलेल्या जागी केसासारख्या भेगा दिसल्या किंवा आतून काळा भुगा निघाला, तर तो पाईप संपला.

दुकानात नुसतं ‘पेट्रोल पाईप द्या’ म्हणू नका. पाईपवर ‘एसएई जे३० आर९’ (SAE J30 R9) हे इंधनाच्या पाईपचं मानक छापलेलं हवं. त्याचा आतला थर व्हायटॉनसारख्या रबराचा असतो आणि इथेनॉलला टिकतो. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंजिनाजवळ कधीच नको, उष्णतेने ती मऊ पडून निसटते. आतला व्यास धातूच्या नळीवर घट्ट बसेल असाच घ्या. होज किमान २५ मिमी आत सरकवा आणि क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे आवळा. खाचा असलेल्या क्लिपा रबर कापतात. आतून गुळगुळीत पट्टीच्या घ्या.

काचेचा फिल्टर दिसायला छान, पण थरथरीने त्याचे जोड सैल होतात आणि पेट्रोल थेट गरम मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळ्यांवर, टपकू शकतं. आगीचं हे अगदी खरं कारण आहे. कार्बोरेटरसाठी बनवलेला बंद फिल्टर घ्या, बाण पेट्रोलच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवा आणि तो एक्झॉस्टपासून लांब बसवा. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीचा बारीक फिल्टर लावलात, तर पद्मिनीच्या कमी दाबाच्या मेकॅनिकल पंपाला त्यातून पेट्रोल ओढवत नाही.

टाकी ते पंप ही बाजू विसरू नका. तिथे भेग पडली तर पेट्रोल बाहेर दिसेलच असं नाही. पंप हवा ओढतो, गाडी चढावर अडखळते आणि आपण उगाच कार्बोरेटर उघडत बसतो. पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदाही, इथेनॉल झेपणारा घ्या. तो फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करू नका.

काम थंड इंजिनावर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, मोकळ्या हवेत करा; एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी असू द्या. जोडून झाल्यावर तार लावा, पाच मिनिटं गाडी आयडलवर ठेवा, मग बंद करून प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू धरा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर क्लिपा पुन्हा तपासा. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून पहिला फिल्टर लवकर तुंबेल. जोडीचा दुसरा आधीच घेऊन ठेवा.